कृत्रिम अश्रूंच्या बाटलीतून आलेला जिवाणू : अमेरिकेतील २०२२-२३ च्या नेत्रसंसर्गाचे प्रकरण

ज्या बाटलीपासून हे प्रकरण सुरू होते तिच्यात औषध म्हणावे असे फारसे काही नव्हते. पाण्यासारखा द्रव, त्याला किंचित बुळबुळीतपणा यावा म्हणून मिसळलेले कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज आणि वर ‘कृत्रिम अश्रू’ असे लेबल, एवढाच तिचा ऐवज. डोळे कोरडे पडणाऱ्यांना, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात खुपल्यासारखे वाटणाऱ्यांना, दिवसभर पडद्यासमोर बसून डोळे चुरचुरणाऱ्यांना डॉक्टर असे थेंब निर्धास्तपणे सुचवतात, आणि अमेरिकेत ते चिठ्ठीशिवाय कोणालाही विकत घेता येतात. अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णाच्या पापण्या पुष्कळदा पूर्ण मिटत नाहीत; उघडे राहिलेले बुबुळ सुकून त्याला जखम होऊ नये म्हणून परिचारिका दिवसातून अनेकदा त्याच्या डोळ्यांत हेच थेंब घालतात. म्हणजे बाजारहाट करून आल्यावर घरी आरशासमोर उभे राहून थेंब घालणारी धडधाकट व्यक्ती आणि शुद्ध हरपलेला रुग्ण, या दोघांच्याही डोळ्यांत जाणारी वस्तू एकच होती.

मे २०२२ पासून अमेरिकेतील वेगवेगळ्या राज्यांतल्या प्रयोगशाळांकडे स्यूडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूचे असे नमुने येऊ लागले की ज्यांच्यावर नेहमीची जवळजवळ कोणतीही प्रतिजैविके चालत नव्हती. १ फेब्रुवारी २०२३ रोजी तेथील रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने, म्हणजे सीडीसीने, देशभरातील डॉक्टरांना सावधगिरीची सूचना दिली तेव्हा १२ राज्यांतील ५५ रुग्णांची नोंद झाली होती. मे महिन्यात ही साथ आवरल्याचे जाहीर झाले तेव्हा आकडा १८ राज्यांतील ८१ रुग्णांवर गेला होता. त्यांपैकी १४ जणांच्या दृष्टीला हानी पोहोचली, चौघांचा डोळा शस्त्रक्रिया करून काढून टाकावा लागला आणि चार मृत्यू नोंदवले गेले. साथ म्हणून ८१ हा आकडा मोठा वाटणार नाही. परंतु कोरडेपणावर दोन थेंब घालायला गेलेल्या माणसाचा डोळाच काढावा लागतो, ही गोष्ट कोणत्याही आकड्याने लहान होत नाही.

जिवाणू कोणता होता

सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आम्हा मंडळींना स्यूडोमोनास नवा नाही. नळाचे पाणी, वॉश बेसिनचा निचरा, व्हेंटिलेटरची ओलसर नळी, कॉन्टॅक्ट लेन्सची डबी, जिथे ओल आहे तिथे तो तग धरतो आणि अगदी थोड्या अन्नावर जगतो. त्याची वाढ झालेली थाळी झाकण काढताच ओळखू येते : माध्यमाला निळसर हिरवी झाक चढलेली असते आणि जास्त पिकलेल्या द्राक्षांसारखा गोडसर वास येतो. तो पृष्ठभागावर चिकट थर करून राहतो आणि त्या थरात शिरल्यावर जंतुनाशकांचा मारा त्याला सहज लागत नाही. बाटलीच्या किंवा यंत्राच्या आतल्या बाजूला एकदा असा थर जमला की वरवरच्या धुण्यापुसण्याने तो निघत नाही.

निरोगी बुबुळावर, म्हणजे पारपटलाच्या अखंड पृष्ठभागावर, त्याला सहसा पाय रोवता येत नाहीत, कारण पापण्यांची उघडझाप आणि नैसर्गिक अश्रू त्याला धुऊन काढतात. पण कोरड्या डोळ्याच्या पृष्ठभागावर बारीक ओरखडे असतात, शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यावर टाक्याची किंवा छेदाची जागा असते, आणि नेमके अशाच लोकांना कृत्रिम अश्रूंची गरज पडते. एकदा आत शिरल्यावर हा जिवाणू प्रथिने विरघळवणारी विकरे सोडतो. त्यात आपल्या पांढऱ्या पेशींनी सोडलेल्या विकरांची भर पडते आणि पारपटलाचा मधला थर अक्षरशः वितळू लागतो. सकाळी डोळा लाल होऊन टोचतो आहे अशी तक्रार असलेल्या रुग्णाच्या बुबुळावर एकदोन दिवसांत पांढरट पिवळा व्रण पसरलेला दिसतो. नेत्ररोगतज्ज्ञ या जिवाणूला घाबरतात ते त्याच्या या वेगामुळे. योग्य थेंब पहिल्या दिवशी सुरू झाले तर बहुधा बुबुळावर फूल राहते, पण डोळा वाचतो. चुकीचे थेंब सुरू झाले तर कल्चरचा रिपोर्ट हातात येईपर्यंत पारपटलाला भोक पडलेले असू शकते.

या प्रकरणातली खरी अडचण इथेच होती. बुबुळाच्या व्रणावर डॉक्टर प्रथम मॉक्सिफ्लॉक्सॅसिनसारख्या फ्लुरोक्विनोलोन गटातले थेंब देतात, किंवा टोब्रामायसिन आणि सेफ्टाझिडिम यांचे तीव्र द्रावण तयार करवून तासातासाला घालतात. या वाणावर यांपैकी काहीही चालत नव्हते. सर्व उपाय थकल्यावर वापरायची म्हणून राखून ठेवलेली कार्बापेनेम गटातली औषधेही चालत नव्हती. त्याच्या अंगी दोन जनुके एकत्र आली होती. त्यांपैकी व्हिम नावाचे जनुक जे विकर तयार करते ते जस्ताच्या आयनांच्या साहाय्याने पेनिसिलिनपासून कार्बापेनेमपर्यंतच्या जवळजवळ साऱ्या औषधांचे मूळ वलय तोडते, आणि अविबॅक्टॅमसारखी नवी साथीदार औषधे त्याला रोखू शकत नाहीत. व्हिमला ॲझट्रिओनॅम हे एक औषध तोडता येत नाही. ती उणीव जीईएस-९ या दुसऱ्या जनुकाने भरून काढली होती. जीवघेण्या संसर्गात दिली जाणारी ॲमिकॅसिन आणि पॉलिमिक्सिनसुद्धा निष्प्रभ ठरली. सुरुवातीला तपासलेल्या तीन नमुन्यांवर चालले ते सेफिडेरोकॉल हे एकच औषध. जिवाणूला लोह लागते आणि ते आत ओढून घेण्याची त्याची स्वतःची व्यवस्था असते. सेफिडेरोकॉल लोहाला बिलगून त्याच वाटेने आत शिरते. मात्र ते शिरेतून देण्याचे औषध आहे, डोळ्यात घालायचे तयार थेंब म्हणून ते कुठे मिळत नाही.

संवेदनशीलतेच्या चाचणीत जिवाणू पसरलेल्या थाळीवर निरनिराळ्या औषधांच्या कागदी चकत्या ठेवतात, आणि औषध लागू पडत असेल तर दुसऱ्या दिवशी त्या चकतीभोवती स्वच्छ गोल मोकळी जागा दिसते. अशा वाणाच्या थाळीत चकत्या हिरवट वाढीत बुडून गेलेल्या असतात, एकीभोवतीही मोकळे वर्तुळ नसते. तसली थाळी उजेडाकडे धरून पाहताना हातात असलेला रिपोर्ट डॉक्टरांना कसा कळवायचा, असा प्रश्न पडतो.

धागा कसा सापडला

रुग्ण एकमेकांपासून हजारो किलोमीटर दूर होते. कोणी दीर्घकालीन शुश्रूषागृहात होते, कोणी रुग्णालयात, कोणी फक्त नेत्रचिकित्सालयात जाऊन आले होते. नमुनेही वेगवेगळ्या जागांचे होते : काहींच्या बुबुळावरचे, काहींच्या थुंकीतले, काहींच्या लघवीतले, काहींच्या गुदमार्गातले, तर काहींच्या रक्तातले. एका जिल्ह्यातल्या डॉक्टरला यात साथ दिसणे शक्यच नव्हते, कारण त्याच्यापुढे एकच रुग्ण असतो. जनुकक्रम वाचल्यावर मात्र हे सारे नमुने एकाच कुळातले असल्याचे दिसले, आणि दोन्ही जनुके एकत्र असलेला असा वाण अमेरिकेत त्यापूर्वी नोंदलाच गेला नव्हता. सर्वांना तो एकाच ठिकाणाहून मिळाला असावा ही शंका तिथून बळावली.

पुढचे काम चिकाटीने प्रश्न विचारण्याचे होते. रुग्णांनी आणि रुग्णालयांनी दहापेक्षा अधिक नाममुद्रांचे कृत्रिम अश्रू वापरल्याचे सांगितले, काहींनी तर एकापेक्षा जास्त. पण आरोग्यसंस्थांमध्ये आढळलेल्या चारही गटांत समान असलेले उत्पादन एकच निघाले, ते म्हणजे इझ्रीकेअर या नावाने विकले जाणारे, संरक्षक द्रव्य नसलेले आणि अनेक वेळा वापरायच्या बाटलीतले थेंब. २० जानेवारी २०२३ रोजी सीडीसीने हे थेंब वापरू नयेत असे सांगितले. पुढे रुग्णांकडच्या उघडलेल्या बाटल्यांत तोच वाण सापडला. २ फेब्रुवारीला उत्पादक कंपनीने इझ्रीकेअर आणि डेल्सॅम फार्मा या दोन्ही नावांचे सगळे थेंब बाजारातून परत मागवले, आणि त्याच महिन्यात डेल्सॅमच्या नावाचे डोळ्याचे मलमही परत मागवण्यात आले.

डोळ्यात घातलेला थेंब थुंकीत कसा उतरला, हे वाचकाला कोडे वाटेल. रडू आले की नाक वाहू लागते, याचे कारण डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून एक बारीक अश्रुनलिका नाकात उघडते. डोळ्यात घातलेल्या थेंबाचा काही भाग त्याच वाटेने नाकात आणि तिथून घशात उतरतो. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या घशात उतरलेल्या जिवाणूला श्वासनलिका जवळच असते. त्यातून असेही रुग्ण आढळले की ज्यांना कसलाच त्रास नव्हता, पण जिवाणू त्यांच्या शरीरात मुक्काम करून होता; थेंब बंद झाल्यानंतरही त्यांच्यापासून शुश्रूषागृहात इतरांकडे तो जाण्याचा धोका राहिला, आणि म्हणून थेंब परत मागवण्याबरोबरच अशा रुग्णांची स्वतंत्र तपासणी करावी लागली.

चेन्नईजवळचा कारखाना

हे थेंब ग्लोबल फार्मा हेल्थकेअर या कंपनीच्या चेन्नईजवळच्या कारखान्यात तयार होत होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कंपनीकडे कागदपत्रे मागितली होती. समाधानकारक उत्तर न आल्याने २० जानेवारीलाच तिच्या मालाच्या आयातीवर बंधन आले. प्रशासनाने तेव्हा जे दोष सांगितले ते लक्षात ठेवण्याजोगे आहेत : सूक्ष्मजीवांची पुरेशी चाचणी न होणे, अनेक वेळा वापरायच्या बाटलीत पुरेसे संरक्षक द्रव्य नसणे आणि बाटलीशी कोणी छेडछाड केल्यास ते कळेल अशा वेष्टनावर नीट नियंत्रण नसणे. फेब्रुवारी अखेर ते मार्चच्या सुरुवातीच्या काळात अमेरिकी निरीक्षकांनी कारखान्याला भेट देऊन ११ आक्षेप नोंदवले. उत्पादन निर्जंतुक राहील याची खात्री देणारी प्रक्रियाच तपासून सिद्ध केलेली नव्हती, औषधाला लागणारे यंत्राचे पृष्ठभाग नीट स्वच्छ केलेले नव्हते, आणि निर्जंतुक असायला हव्या त्या खोलीतल्या यंत्रावर काळसर तपकिरी तेलकट थर आढळला.

भारतात केंद्रीय आणि तमिळनाडूच्या औषध नियंत्रकांच्या पथकांनी फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच कारखान्याची पाहणी केली आणि नेत्रौषधांचे उत्पादन थांबवण्यात आले. एप्रिलमध्ये तमिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाने आपण तपासलेल्या नमुन्यांत जंतू आढळले नाहीत असे सांगितले. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात उभ्या करून वाद घालण्याचा मोह होतो; माझ्या मते तो टाळावा. निर्जंतुकतेच्या चाचणीसाठी हजारो बाटल्यांमधून मोजक्याच घेतल्या जातात, आणि दूषण सगळ्या बाटल्यांत सारखे पसरलेले नसते. घेतलेल्या बाटल्या स्वच्छ निघाल्या तर त्या बाटल्या स्वच्छ होत्या एवढेच कळते. म्हणूनच निर्जंतुक औषधांच्या कारखान्यात शेवटच्या चाचणीपेक्षा प्रक्रियेवर भर देतात : पाणी कसे गाळले, हवा कशी गाळली, कामगाराने हातमोजे कसे घातले, बाटली भरताना यंत्राच्या कोणत्या भागाला द्रव लागला. निरीक्षकांचे बहुतेक आक्षेप नेमके याच बाबतीतले होते.

संरक्षक द्रव्याचा मुद्दा मात्र थोडा थांबून समजून घ्यायला हवा, कारण यात चांगल्या हेतूने घेतलेला एक निर्णय अंगाशी आला. डोळ्यांच्या बहुतेक थेंबांत बेन्झाल्कोनियम क्लोराइडसारखे द्रव्य असते. ते बाटलीत शिरलेले जंतू मारते, पण रोज अनेक वेळा वापरले तर पारपटलाच्या पेशींनाही त्रास देते. त्यामुळे कोरड्या डोळ्यांच्या रुग्णाला नेत्रतज्ज्ञ संरक्षक द्रव्य नसलेले थेंब देतात, आणि ते योग्यच आहे. पण असे थेंब एकदाच वापरून टाकायच्या छोट्या कुपीत द्यावे लागतात, किंवा आत हवा आणि द्रव उलटा शिरू नये अशी झडप असलेल्या बाटलीत. साध्या दाबाच्या बाटलीचे काय होते ते घरी पाहता येते : थेंब पडल्यावर बोटांचा दाब सोडला की टोकाशी लोंबणारा अर्धा थेंब आत ओढला जातो. ते टोक पापणीला लागले असेल तर पापणीवरचे जंतूही त्याच्यासोबत आत जातात. संरक्षक द्रव्य असते तर त्यातले पुष्कळसे आत मेले असते. या बाटलीत त्यांना मारणारे काही नव्हते आणि पाणी भरपूर होते. म्हणजे कारखान्यातून जंतू आले असले तरी, आणि वापरताना शिरले असले तरी, त्यांना वाढायला मुभा बाटलीच्या रचनेनेच दिली होती. अर्थात दूरदूरच्या राज्यांत एकच दुर्मीळ वाण सापडणे हे वापरणाऱ्यांच्या हातून घडू शकत नाही.

अमेरिकेसारख्या कडक नियमांच्या देशात असा माल विक्रीला कसा आला, हेही पाहायला हवे. कृत्रिम अश्रू तिथे चिठ्ठीशिवाय विकायच्या अशा वर्गात येतात की ज्यातले घटक आणि त्यांचे प्रमाण आधीच ठरवून दिलेले असते. ते पाळणाऱ्या कंपनीला प्रत्येक उत्पादनासाठी आगाऊ मंजुरी घ्यावी लागत नाही. मंजुरी नाही म्हणून मंजुरीपूर्वीची कारखाना-तपासणीही नाही. हा कारखाना साथ येण्यापूर्वी अमेरिकी निरीक्षकांनी कधीच पाहिलेला नव्हता. बाटलीवर नाव वितरकाचे असते, त्यामुळे विकत घेणाऱ्याला ती कोणत्या देशात भरली गेली हे शोधूनही पटकन कळत नाही.

आपल्याकडे याचा संबंध

हे वाचून चेन्नईतल्या एका कारखान्यावर बोट ठेवून मोकळे होणे सोपे आहे. पण त्याच वर्षी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, अमेरिकी प्रशासनाने २६ नेत्रथेंबांच्या उत्पादनांबद्दल ग्राहकांना इशारा दिला, आणि ती नवी मुंबईतल्या एका कारखान्यात तयार झालेली होती. तिथे उत्पादनाच्या महत्त्वाच्या जागेतून घेतलेल्या नमुन्यांत जिवाणू सापडले होते. त्या थेंबांमुळे कोणाला संसर्ग झाल्याची नोंद त्या वेळी नव्हती, आणि नोव्हेंबरमध्ये ती परत मागवण्यात आली. महाराष्ट्रातल्या वाचकाला ही बातमी परराज्यातली म्हणून बाजूला ठेवता येणार नाही.

दुसरा संबंध अधिक रोजचा आहे. त्याच २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीपासून सुरू होऊन महाराष्ट्रभर डोळे येण्याची मोठी साथ पसरली. ती विषाणूंची होती. विषाणूवर प्रतिजैविकाचा उपयोग होत नाही, आणि बहुतेकांचे डोळे आठवडाभरात आपोआप बरे होतात. तरीही मेडिकलच्या दुकानासमोर रांगा लागल्या, घरात एकाला दिलेली प्रतिजैविकाची बाटली पाचही जणांच्या डोळ्यांत गेली, आणि काहींनी तर स्टिरॉइड मिसळलेले थेंब डॉक्टरांना न विचारता घातले. ज्याला जिवाणूचा व्रण झालेलाच नाही अशा लाखो डोळ्यांत मॉक्सिफ्लॉक्सॅसिन पडले की पापण्यांच्या कडेला आणि नाकात राहणाऱ्या जिवाणूंपैकी जे त्याला दाद देत नाहीत तेवढे मागे उरतात. पुढे शेतात भाताचे टोक किंवा उसाचे पान लागून बुबुळाला जखम झाली, तर त्या जखमेत शिरायला तेच तिथे हजर असतात. भारतातल्या नेत्ररुग्णालयांत अनेक औषधांना दाद न देणारा स्यूडोमोनास बुबुळाच्या व्रणांतून सापडणे आता अपवादात्मक राहिलेले नाही.

मला या प्रकरणात सर्वांत जास्त टोचते ते असे की यातल्या रुग्णांनी औषधांचा गैरवापर केल्यामुळे त्यांच्यावर ही वेळ आलेली नव्हती. प्रतिजैविकांच्या प्रतिरोधाबद्दल बोलताना आपण बहुधा अर्धवट सोडलेला कोर्स आणि मनाने घेतलेल्या गोळ्या यांवर बोलतो, आणि ते खरेही आहे. पण इथे प्रतिरोध दुसरीकडे कुठेतरी तयार झाला, निर्जंतुकतेतल्या ढिलाईने तो बाटलीत आला, आणि ज्याने आयुष्यात एकही प्रतिजैविक मनाने घेतले नसेल त्याच्याही डोळ्यात शिरला. स्यूडोमोनास साधा असता तर टोब्रामायसिनने बहुतेकांचे डोळे वाचले असते. कारखाना स्वच्छ असता तर हा हट्टी वाण त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नसता. दोन्ही चुका एका बाटलीत एकत्र आल्या.

या प्रकरणानंतर आमच्या प्रयोगशाळेत बुबुळाच्या नमुन्यासोबत येणाऱ्या अर्जावर आम्ही एक ओळ वाढवली : गेल्या महिनाभरात डोळ्यात काय काय घातले, कृत्रिम अश्रू धरून, त्याचे नाव, बॅच क्रमांक आणि बाटली उघडल्याची तारीख. सुरुवातीला ही ओळ बहुधा कोरी यायची, कारण रुग्णाच्या लेखी कृत्रिम अश्रू हे औषध नसतेच आणि ‘कोणते औषध चालू आहे’ या प्रश्नाला तो ‘काही नाही’ असे प्रामाणिकपणे सांगतो. आता रुग्णाला पाठवतानाच बाटली सोबत आणायला सांगण्याची आम्ही डॉक्टरांना विनंती करतो, आणि आलेली बाटली फेकून न देता तिच्यातला थेंबही स्वतंत्र थाळीवर लावतो. परवा एका आजींनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेल्या तीन बाटल्या काढल्या. त्यांपैकी एक मागच्या दिवाळीत उघडलेली होती आणि तिच्या टोकाला पिवळसर पापुद्रा सुकलेला होता. ती थाळीवर लावली आहे. वाढ काय येते ते उद्या सकाळी कळेल.